एका ओळीचा इतिहास

निकालाच्या दिवशी दुपारी ठरलेल्या वेळेला साइट उघडायची आणि पांढऱ्या पानावर फक्त एक वाक्य दिसायचं, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला असेल. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइट्सवर तर ते वाक्य ठरलेलंच आहे : ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. म्हणजे साइट जिवंत आहे, माहितीही बहुधा जागच्या जागी आहे. फक्त दोघांमधली वाट बंद आहे.

ही वाट कुठून कुठे जाते ते एका ओळीत लिहून ठेवलेलं असतं. मी वेब ॲप्लिकेशन्स लिहिण्याचं काम करते. प्रोजेक्ट कुठलाही असो, पहिल्या दिवशी ही ओळ लिहावीच लागते. मूळ ओळ रोमन लिपीत असते. इथे आपल्या लिपीत मांडते :

पोस्टग्रेस://दुकान:गुपित@डीबी१:५४३२/ऑर्डर्स?पूल=५

वाचायची अशी : पोस्टग्रेस जातीच्या डेटाबेसकडे जा. ‘दुकान’ हे नाव सांग, ‘गुपित’ हा पासवर्ड दे. तो डेटाबेस ‘डीबी१’ नावाच्या यंत्रावर आहे, ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर. तिथला ‘ऑर्डर्स’ हा भाग उघड, आणि एका वेळी पाचपेक्षा जास्त जोडण्या करू नकोस.

बहुतेक जण ही ओळ कुठून तरी कॉपी करतात, नाव-पासवर्ड बदलतात, ॲप चालू झालं की विसरून जातात. पण तिचा एकेक तुकडा सुटा करून पाहिला, की त्यामागे साठ वर्षांचा इतिहास दिसतो. माझ्या मते तो इतिहास एका वाक्यात सांगता येतो : प्रोग्रॅमने माहीत ठेवायच्या गोष्टी एकेक करून कमी होत गेल्या, आणि त्या सगळ्या या ओळीत येऊन साचल्या. प्रोग्रॅम मोकळा झाला. ओळ लिहिणाऱ्याची जबाबदारी मात्र वाढली.

पोस्टग्रेस://

सुरुवात चंद्रापासून करावी लागते. १९६६ साली आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साथीने एक माहितीव्यवस्था बांधायला घेतली. अपोलो मोहिमेच्या अवाढव्य रॉकेटमध्ये कुठला सुटा भाग कुठल्या भागात बसतो, याची यादी सांभाळणं हे तिचं काम. पुढे तिचं नाव आयएमएस पडलं. यादीची मांडणी झाडासारखी होती : रॉकेट, त्याचे टप्पे, टप्प्यातलं इंजिन, इंजिनातला पंप, पंपातला बोल्ट. बोल्ट शोधायचा तर प्रोग्रॅमला ही सगळी वाट तोंडपाठ असावी लागे. उद्या कोणी मांडणी बदलली, की त्या वाटेने जाणारे सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे.

आयबीएमच्याच सॅन होजेतल्या संशोधनशाळेत एडगर कॉड नावाचे इंग्रज गणिती होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. जून १९७० मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा : माहिती यंत्राच्या आत कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच पडू नये. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवावी. माणसाने ‘काय हवंय’ एवढं सांगावं, ‘कसं शोधायचं’ ते यंत्राने ठरवावं.

इथे प्रोग्रॅमने पहिली गोष्ट विसरली : डेटाची आतली वाट.

आयएमएस चांगला पैसा मिळवून देत होती, त्यामुळे कॉड यांच्या कल्पनेचा धंदा करायची आयबीएमला घाई नव्हती. तरी त्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून त्यातले स्वर गाळून ‘एसक्यूएल’ झालं. निबंध सगळ्यांनाच वाचायला खुले होते. कॅलिफोर्नियात लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाचले आणि १९७९ मध्ये ‘ओरॅकल’ बाजारात आणलं. पहिल्यावहिल्या आवृत्तीला त्यांनी क्रमांक दिला दोन, कारण एक क्रमांकाचं काहीही विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरतं. आयबीएमचा स्वतःचा एसक्यूएल डेटाबेस बाजारात यायला १९८१ उजाडलं. तिकडे बर्कली विद्यापीठात मायकल स्टोनब्रेकर यांनी आधी ‘इन्ग्रेस’ बांधला आणि १९८६ च्या सुमारास त्याच्या पुढचा म्हणून ‘पोस्टग्रेस’. आपल्या ओळीतला पहिला शब्द तो हाच. आज या पोस्टग्रेसच्या मूळ कोडवर काम करणारे लोक पुण्यातही आहेत.

भाषा एक झाली, तरी दरवाजे वेगळेच राहिले. ओरॅकलशी बोलायला ओरॅकलची लायब्ररी लागे, सायबेसशी बोलायला सायबेसची. ओरॅकलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचा म्हणजे जोडणीचा सगळा भाग नव्याने लिहायचा. हे दुखणं मिटवण्यासाठी कंपन्या एकत्र बसल्या, आणि त्या खटाटोपातून १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ओडीबीसी’ आणलं. प्रोग्रॅमने एकाच ठरावीक पद्धतीने बोलायचं. मध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा बसणार आणि त्या त्या डेटाबेसच्या बोलीत भाषांतर करणार. १९९७ मध्ये जावा भाषेत ‘जेडीबीसी’ आलं. तिथे कुठला दुभाषा घ्यायचा हे वेबच्या पत्त्यासारख्या एका ओळीच्या सुरुवातीलाच लिहायची पद्धत होती.

प्रोग्रॅमने दुसरी गोष्ट विसरली : डेटाबेस कुठल्या कंपनीचा. ती माहिती ओळीच्या डोक्यावर जाऊन बसली.

दुकान:गुपित

नाव आणि पासवर्डाचा इतिहास मात्र इतका सुखाचा नाही.

वेब नवीन होतं तेव्हा पानं आधीच लिहून ठेवलेली असत. १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकी संस्थेत ‘सीजीआय’ ही पद्धत निघाली आणि वेबसर्व्हरला मागणी आली की एखादा प्रोग्रॅम चालवून ताजं पान बनवता येऊ लागलं. १९९५ मध्ये रास्मस लेरडॉर्फ यांनी पीएचपी लोकांसमोर ठेवलं, त्याच वर्षी मायएसक्यूएल आला. दोन्ही फुकट. जगभरातल्या हौशी पोरांनी या जोडीवर साइट्स उभ्या केल्या. पासवर्ड कुठे लिहायचा? जिथे लागतो तिथेच, म्हणजे पानाच्या कोडमध्ये. वर्डप्रेसने निदान तो ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाच्या एका फाइलीत आणला. २००४ मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्सने त्या फाइलीचे तीन कप्पे केले : स्वतःच्या लॅपटॉपवर काम करताना एक डेटाबेस, चाचणीसाठी दुसरा, आणि खऱ्या गिऱ्हाइकांचा तिसरा. कोड तोच, जोडणी वेगळी. आज हे उघड वाटतं. पण त्याआधी खऱ्या डेटावरच प्रयोग करण्याची पद्धत सर्रास होती.

मग २००५ मध्ये गिट आलं आणि २००८ मध्ये गिटहब. गिटचा मोठा गुण म्हणजे ते काही विसरत नाही. कोडमधला प्रत्येक बदल कायमचा नोंदलेला राहतो. पासवर्डाच्या बाबतीत नेमका हाच गुण घातक ठरतो. आज चुकून कोडसोबत गेलेला पासवर्ड उद्या काढून टाकला, तरी कालच्या नोंदीत तो शाबूत असतो. म्हणून माझ्या क्षेत्रात एक साधा नियम आहे : असा पासवर्ड पुसायचा नाही, बदलायचा.

यावर उपाय सुचवला तो हेरोकू या कंपनीतल्या लोकांनी. दुसऱ्यांची हजारो ॲप्स आपल्या यंत्रांवर चालवताना काय टिकतं आणि काय मोडतं, हे ते रोज पाहत होते. त्या अनुभवातून ॲडम विगिन्स यांनी २०११ मध्ये ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ ही बारा नियमांची संहिता लिहिली. तिसरा नियम जोडणीच्या ओळीबद्दल आहे. ही ओळ कोडमध्ये ठेवूच नका. ॲप ज्या यंत्रावर चालतं त्याच्या ‘एन्व्हायर्नमेंट’मध्ये ठेवा, ॲप सुरू होताना ती तिथून वाचेल. नियम पाळला आहे की नाही याची त्यांनी दिलेली कसोटी मला फार आवडते : तुमचा सगळा कोड आत्ता, या क्षणी, जगाला खुला केला तर एखादं गुपित फुटेल का?

ही कसोटी नापास झाली की काय होतं, ते २०१६ मध्ये उबरच्या बाबतीत दिसलं. दोन चोर कंपनीच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब कोठारात शिरले. तिथल्या कोडमध्ये त्यांना एक किल्ली सापडली. ती डेटाबेसची नव्हती, ॲमेझॉनवरच्या साठवणीची होती. पण त्या साठवणीत डेटाच्या प्रती होत्या. ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती गेली, त्यात अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख चालकांचे लायसन्स क्रमांक होते. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर दिले आणि वर्षभर वाच्यता केली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या प्रमुखांनी ते जाहीर केलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली, आणि २०२२ मध्ये कंपनीचे माजी सुरक्षाप्रमुख हे प्रकरण दडवल्याबद्दल दोषी ठरले.

कोठार खासगी होतं, हे विसरू नका. ‘आपला कोड कोण बघतंय?’ हा हिशेब तिथेच चुकतो.

या तुकड्यातल्या नावाकडे तर फार थोड्यांचं लक्ष जातं. घाईत ‘रूट’ किंवा ‘पोस्टग्रेस’, म्हणजे सर्वाधिकारी खातंच वापरलं जातं. वास्तविक कुणाला काय पाहू द्यायचं, काय बदलू द्यायचं, हे ठरवण्याची सोय १९७० च्या दशकातच आयबीएमच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. फक्त ऑर्डर वाचणाऱ्या ॲपला अख्खा तक्ता पुसायचा अधिकार कशाला? हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

@डीबी१

हा तुकडा म्हणजे यंत्राचं नाव. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत जे घडलं, ते तिने स्वतःच तपशिलात प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्याला कळतं.

त्यांच्याकडे पोस्टग्रेसची दोन यंत्रं होती. मुख्य यंत्राचं नाव डीबी१ आणि त्याची प्रत ठेवणाऱ्याचं डीबी२. स्पॅमच्या माऱ्यामुळे प्रत मागे पडली होती, आणि एक अभियंता रात्री उशिरापर्यंत ती पुन्हा जुळवत होता. पोस्टग्रेस सुरूच होईना. एक कारण निघालं की जास्तीत जास्त जोडण्यांचा आकडा ८००० ठेवलेला होता; तेवढ्यांसाठी लागणारी साधनं यंत्र देईना. त्याने तो २००० वर आणला. तरी जुळणी होईना. शेवटी डीबी२ वरची अर्धवट प्रत पुसून नव्याने सुरुवात करावी म्हणून त्याने आज्ञा दिली. ती दिली गेली डीबी१ वर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

बॅकअपच्या बहुतेक सोयी मोडलेल्या निघाल्या. नशिबाने सहा तासांपूर्वी कोणी तरी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, ती कामी आली. त्या सहा तासांतले सुमारे ५००० प्रोजेक्ट्स, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती मात्र गेली. गिटलॅबने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि त्या अभियंत्याचा बळी दिला नाही. दोष माणसाचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे, असंच त्यांचं म्हणणं होतं. दोन यंत्रांच्या नावांत फरक एका आकड्याचा, आणि ती नावं पाहून निर्णय घ्यायची वेळ रात्री अकराची. आज ‘खऱ्या’ डेटाबेसशी जोडलं की पडद्याचा रंग लाल करायचा, नावं ठळक वेगळी ठेवायची, हे जे लहानसहान रिवाज पाळले जातात, त्यांच्या मुळाशी अशाच रात्री आहेत.

:५४३२

यंत्राचा पत्ता म्हणजे इमारत धरली, तर पोर्ट म्हणजे फ्लॅटचा क्रमांक. पोस्टग्रेस राहतो ५४३२ मध्ये, मायएसक्यूएल ३३०६ मध्ये, मोंगोडीबी २७०१७ मध्ये. हे क्रमांक सगळ्या जगाला ठाऊक आहेत, चोरांनाही. म्हणून क्रमांक दडवण्यात फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न असतो : दार कोणाच्या हाकेला उघडायचं? फक्त त्याच यंत्रावरच्या प्रोग्रॅमच्या, की अख्ख्या इंटरनेटच्या?

मोंगोडीबी २००९ मध्ये आला तो ‘लगेच सुरू करा’ या थाटात. पासवर्ड न लावता चालायचा, आणि तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर कुठूनही आलेल्या हाकेला ओ द्यायचा. शिकणाऱ्याच्या लॅपटॉपवर हे सोयीचं होतं. तीच मांडणी लोकांनी तशीच उचलून उघड्या सर्व्हरवर नेली. २०१४ नंतरच्या काही इन्स्टॉलरांमध्ये हे सुधारलं होतं, पण जुनी यंत्रं तशीच चालू राहिली. जानेवारी २०१७ मध्ये चोरांनी अशी यंत्रं शोधायला सुरुवात केली. आत शिरायला काही फोडावं लागत नव्हतं. डेटा पुसायचा आणि जागी चिठ्ठी ठेवायची : इतके बिटकॉइन पाठवा. काही आठवड्यांत हजारो डेटाबेस असे पुसले गेले. अनेकदा चोरांनी डेटाची प्रत काढलेलीही नव्हती, त्यामुळे पैसे देऊनही काही परत मिळालं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळातच फक्त स्वतःच्या यंत्राच्या हाकेला उत्तर देऊ लागला.

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. ‘डिफॉल्ट’ म्हणजे कोणी निर्णय घेतलेला नाही, असं आपण समजतो. निर्णय घेतलेला असतोच. तो दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या कशासाठी तरी घेतलेला असतो.

?पूल=५

आता शेवटचा आकडा; पांढऱ्या पानावरच्या त्या वाक्याशी याचा बऱ्याचदा संबंध असतो.

जोडणी महाग असते. आधी दोन यंत्रांनी एकमेकांना हाक-प्रतिहाक द्यायची, मग संभाषण कुलूपबंद करायचं, मग पासवर्ड तपासायचा. पोस्टग्रेस तर प्रत्येक जोडणीसाठी आपली एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो आणि तिला मेमरी देतो. सीजीआयच्या काळात प्रत्येक पानासाठी हे सगळं करायचं, एक प्रश्न विचारायचा आणि जोडणी तोडून टाकायची. म्हणजे एका चहासाठी दर वेळी नवी चूल मांडण्यासारखं.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कनेक्शन पूल’ रुळला. थोड्या जोडण्या आधीच करून ठेवायच्या. ज्याला लागेल त्याने घ्यायची, काम झालं की परत ठेवायची. मग प्रश्न आला, किती ठेवायच्या? मन सांगतं, गर्दी मोठी तर आकडा मोठा. पण बँकेत मागे कारकून चारच असतील, तर शंभर खिडक्या उघडून काम वेगाने होत नाही; चार कारकून शंभर खिडक्यांमध्ये धावत सुटतात. ओरॅकलच्याच कामगिरी-तज्ज्ञांनी एका प्रात्यक्षिकात बाकी काही न बदलता फक्त पूल लहान केला, आणि उत्तराचा वेळ सुमारे १०० मिलिसेकंदांवरून २ वर आला. पोस्टग्रेसच्या गोटातून आलेला ढोबळ ठोकताळा प्रोसेसरच्या गाभ्यांची दुप्पट आणि वर डिस्कची संख्या, एवढाच आहे. रेल्स मुळात पाच जोडण्या ठेवतं, ते उगाच नाही.

पण इथे एक गुणाकार लपलेला असतो. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्याच घेतो, मायएसक्यूएल १५१. समजा, ॲपच्या प्रत्येक प्रतीत २० चा पूल आहे. चार प्रती चालू आहेत तोवर ८०, सगळं ठीक. निकालाची वेळ झाली, गर्दी वाढली, क्लाउडने आपणहून प्रती आठ केल्या. आठ वीस १६०. पोस्टग्रेस सभ्य भाषेत नकार देतो : ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. गर्दी पेलण्यासाठी वाढवलेली ताकदच दार बंद करते. २००७ मध्ये स्काइपच्या अभियंत्यांनी यासाठीच ‘पीजीबाउन्सर’ हा दारावरचा माणूस बनवून खुला केला. तो हजारो हाका स्वतः झेलतो आणि आत मोजक्याच जोडण्या सोडतो. तो आजही जगभर वापरात आहे.

ओळ कोण लिहितं

हल्ली ही ओळ हळूहळू दिसेनाशी होते आहे. २०१५ मध्ये आलेल्या व्हॉल्टसारख्या साधनांमुळे ॲपला थोड्या वेळापुरता पासवर्ड मिळतो आणि मुदत संपली की तो निकामी होतो. क्लाउड कंपन्या यंत्राची ओळख पटवून पासवर्डाशिवाय आत घेतात. एखादी किल्ली चुकून कोडमध्ये गेली तर गिटहब ती हेरून इशारा देतं. म्हणजे विसरण्याची साखळी पुढे चालूच आहे : आता ओळही पासवर्ड विसरते आहे. पण कोणाला आत घ्यायचं, किती जणांना घ्यायचं आणि काय पाहू द्यायचं, हे अजून कोणी तरी ठरवतंच. फक्त ते लिहायची जागा बदलली आहे.

आणि त्या जागेला आता कायद्याचंही वजन आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती राखण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कॉलेजच्या फेस्टसाठी नोंदणीचं पान बनवणारा मुलगा किंवा गावातल्या दवाखान्यासाठी ॲप लिहिणारी मुलगी दंडाचा विचार करत नसेल, करूही नये कदाचित. पण त्यांच्या तक्त्यात माणसांचे फोन नंबर असतात, आजार असतात, पत्ते असतात. ती माणसं ही ओळ कधीच पाहणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पुढच्या वेळी ही ओळ कॉपी कराल तेव्हा एकदा डावीकडून उजवीकडे सावकाश वाचा. हे नाव किती अधिकारांचं आहे, हा पासवर्ड आणखी कुठे लिहिलेला आहे, हे यंत्र नक्की कोणतं, हे दार कोणासाठी उघडं आहे, आणि हा आकडा किती प्रतींनी गुणला जाणार आहे. पाच प्रश्न आहेत. पाचही उत्तरं तुम्हाला ठाऊक असतील, तरच ती ओळ तुमची.